सेलर्स होममध्ये भेटलेल्या काकांना थँक्यू

काका, तुमचं नावच विचारायचं राहिलं, नंबर तर लांबच, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कोणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला. मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये व्हीलचेअरवरच्या आत्याला घेऊन एक बाई बावळटासारखी उभी होती ना, ती मी.

आमचे आजोबा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. दुसऱ्या महायुद्धात, 1942 ला गेले ते गेलेच, बोटीला टॉर्पेडो लागला एवढंच घरी माहीत. आत्या तेव्हा चार वर्षांची. माझा भाऊ लंडनला असतो, तो तिथल्या टॉवर हिलच्या, युद्धात गेलेल्या खलाशांच्या स्मारकावरची नावं दोन दिवस वाचत बसला, आजोबा कुठेच नाहीत. तेव्हापासून आत्याचं एकच, "मोजलंच नाय त्यांनी."

आणि तुम्ही काय सहज बोललात, अहो ताई, आपली माणसं तिथे शोधायचीच नाहीत, ती इथल्या वहीत आणि चितगावच्या वहीत! युद्धात गेलेले आपले जवळपास सहा हजार खलाशी, आणि स्मारक म्हणजे नावांची एक वही. मला रागच आला खरं तर. पण तुम्ही चष्मा पुसून बसलात, म्हणालात आडनाव विसरा, बापाचं नाव बघा, तेही साहेबाच्या कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं असणार. पाऊण तासाने सापडलं, स्पेलिंग असं की मी दोनदा त्यावरून बोट फिरवून पुढे गेले होते.

मग चहा पिताना तुम्ही जे सांगितलंत ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. युद्धात बोटी एकत्र काफिल्याने जायच्या, तो काफिला सगळ्यात हळू बोटीच्या स्पीडने चालायचा, रात्री बिडीसुद्धा डेकवर पेटवायची नाही, आणि शेजारची बोट बुडाली तरी बाकीच्यांनी थांबायचं नाही, थांबला तो पुढचा. पगार गोऱ्या खलाशाच्या पावपट किंवा त्याहून कमी. 1939 ला आपल्या खलाशांनी त्यावरून संप केला तर कित्येकांना तिकडच्याच जेलात टाकलं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं बाबा. आणि ती सिटी ऑफ बनारस नावाची बोट, सप्टेंबर 1940 ला बुडाली, तिची एक लाइफबोट आठ दिवस अटलांटिकमध्ये भरकटत होती, 46 माणसं, त्यात सहा इंग्रज पोरं आणि बाकी बहुतेक आपलेच खलाशी, गरम देशातली माणसं, पाणी घोटभर मोजून.

तेवढ्यात आत्याने मध्येच विचारलं, पाणी गार होतं काय हो? मी काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेली असती. तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "हो, फार गार." ती नुसती मान हलवत राहिली, आणि टॅक्सीत पहिल्यांदा आजोबांबद्दल बोलली, की जाताना त्यांनी तिला उचलून पडवीच्या खुंटीला हात लावू दिला होता.

तुमच्यासाठी तिने आमसुलं काढून ठेवलीत. बरणी फ्रीजवर आहे, कोणाला हात लावू देत नाही, तेव्हा पत्ता कळवा.