बायोप्सीचा दुसरा तुकडाही घ्या

संपादक महाशय,

माझ्या यजमानांना पेम्फिगस व्हल्गॅरिस हा तोंडात आणि अंगावर फोड आणणारा आजार आहे. सुरुवात तोंडापासून झाली. गाल आतून सोलवटले, आमटीचा घोटही झोंबायचा. ‘उष्णता वाढली’ म्हणत गुलकंद, सब्जा आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांत कितीतरी काळ गेला. पाठीवर फोड उठले तेव्हा शेजाऱ्यांनी नागीण ठरवून गेरू आणून दिला. नागीण सहसा एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. यांचे फोड दोन्हीकडे होते, ढिले, जरा घासले की फुटणारे.

एका खासगी रुग्णालयात बायोप्सी झाली. कातडीचा तुकडा एकच घेतला आणि तो फॉर्मलिन या नमुने टिकवण्याच्या नेहमीच्या द्रवात टाकला. या आजारात त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनावर शरीराचीच प्रतिपिंडे हल्ला करतात. ती इम्युनोफ्लुरोसन्स या, प्रतिपिंडे चमकवून दाखवणाऱ्या तपासणीत दिसतात. त्यासाठी फोडाशेजारच्या धड कातडीचा वेगळा तुकडा लागतो, तोही या तपासणीसाठी नमुना टिकवणाऱ्या मिशेलच्या द्रावणात ठेवलेला. फॉर्मलिनमधला तुकडा त्या कामाचा नाही. म्हणून पुन्हा टाके, पुन्हा रिपोर्टची वाट. तोवर अंगावरची कातडी इतकी गेली की चादर चिकटायची आणि ओढून काढताना ते कळवळायचे. वॉर्डातल्या सिस्टरांच्या सांगण्यावरून मी मंडईतून केळीची पाने आणू लागले. ती निर्जंतुक करून अंगाखाली अंथरली की त्यांना निदान कूस बदलता यायची.

पुढे स्टिरॉइड सुरू झाले आणि हिपॅटायटिस बी व क्षयाच्या तपासण्या करून रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती आवरणारे औषध दिले. आता ते भाकरी खातात. स्टिरॉइड येण्यापूर्वी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत, हे डॉक्टरांकडून ऐकले तेव्हा अंगावर काटा आला. हा आजार संसर्गजन्य नाही, तरी वाड्यातल्या लोकांनी आमच्याकडे येणे सोडले, याचे मला फार वाईट वाटते.

पुण्यातल्या दंतवैद्यांना आणि फॅमिली डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर रुग्णाला तज्ज्ञांकडे पाठवा. फोडांची बायोप्सी करताना दोन्ही तुकडे एकाच वेळी घ्या. मिशेलचे द्रावण हाताशी नसेल, तर हा दुसरा तुकडा साध्या सलाइनमध्ये ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवता येतो. लॅबनेही नमुना घेतानाच दुसऱ्या तुकड्याची चौकशी करावी.

एक वाचक, कसबा पेठ, पुणे