एकसमान वितरण: आधी आयत, मग सूत्र

संपादक महोदय,

संख्याशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमात ‘युनिफॉर्म डिस्ट्रिब्युशन’ (एकसमान वितरण, म्हणजे ठरावीक टप्प्यातल्या प्रत्येक किमतीला सारखीच संधी) सोपे म्हणून तासाभरात उरकले जाते. सूत्रे पाठ होतात, चित्र डोळ्यांपुढे उभे राहत नाही.

खरे तर फळ्यावर आधी आयत काढावा. रायबंदर-चोडण फेरीबोट बरोबर दर 20 मिनिटांनी सुटते असे धरू. प्रवासी घड्याळ न बघता केव्हाही धक्क्यावर येतो. त्याला 0 ते 20 मिनिटांत कितीही वेळ थांबावे लागेल, कुठल्याही मिनिटाला झुकते माप नाही. आयताचा पाया 20, क्षेत्रफळ म्हणजे एकूण संभाव्यता 1, म्हणून उंची 1/20. पाच मिनिटांच्या आत बोट मिळण्याची संभाव्यता 5/20, म्हणजे 0.25. सरासरी 10 मिनिटे. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, 20 भागिले √12, सुमारे 5.77 मिनिटे.

इथे पहिली अडखळ उंचीची. पाया 0 ते 0.5 असला तर उंची 2 येते आणि मुले घाबरतात, ‘संभाव्यता 1 च्या वर गेली!’ संभाव्यता उंचीत नसते, क्षेत्रफळात असते. ‘नेमकी 7 मिनिटे’ याची संभाव्यता शून्य येते तीही त्यामुळेच. रेघेला रुंदी कुठली?

फाशाच्या गणितात हेच सूत्र डोळे मिटून वापरले जाते. (6 − 1)² भागिले 12 केले की व्हेरिअन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) 2.08 येतो. तो चुकीचा. 1 ते n अशा सुट्या आकड्यांसाठी (n² − 1)/12 घ्यायचे, फाशाला n = 6, उत्तर 35/12, म्हणजे सुमारे 2.92.

आता प्रवासी 8 मिनिटे थांबून झाला आहे. अजून 5 मिनिटांहून जास्त थांबावे लागण्याची संभाव्यता किती? कोणी 15/20 लिहितो, जणू तो आत्ताच आला, कोणी 7/20. आधीची 8 मिनिटे कापून टाकली की नवा पाया 12 चा उरतो. उत्तर 7/12.

एकसमानता फुकट मिळत नाही, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. समजा बोटी आळीपाळीने 10 आणि 30 मिनिटांच्या अंतराने सुटतात. अंतराची सरासरी 20 च, पण 40 मिनिटांच्या फेऱ्यात केव्हाही येणारा प्रवासी 30 च्या खिंडीत सापडण्याची संभाव्यता 3/4 आणि तिथे तो सरासरी 15 मिनिटे थांबतो. उरलेल्या 1/4 वेळा 5 मिनिटे. एकूण सरासरी 12.5 मिनिटे, 10 नव्हे. आयताच्या जागी पायरी दिसते: पहिल्या 10 मिनिटांवर उंची 1/20, पुढच्या 20 वर 1/40. ‘आपण गेलो की बोट नेमकी उशिरा’ या धक्क्यावरच्या तक्रारीत नशिबापेक्षा हे गणित जास्त आहे. वेळापत्रक बघून घर सोडणाऱ्याला तर यातले काहीच लागू नाही.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती: ‘बोट सरासरी दर 20 मिनिटांनी सुटते’ असे लिहून एकसमान वितरणाचे उत्तर मागू नका. ‘बरोबर दर 20 मिनिटांनी’ आणि ‘प्रवासी केव्हाही येतो’ हे दोन्ही लिहा. नाहीतर 12.5 लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापायला आधार उरत नाही.

– संख्याशास्त्राच्या दोन शिक्षिका, फोंडा