शिक्का जूनमध्ये, तपासणी मात्र सुटी लागताच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडायला चार दिवस उरले की बडोद्यातले बालरोगतज्ज्ञांचे दवाखाने आरोग्याचा फॉर्म घेऊन आलेल्या पालकांनी भरून जातात. वजन, उंची, छातीला स्टेथोस्कोप, की बसला शिक्का. त्यातून काही निघालेच तर उपचाराला वेळ कुठे असतो? उन्हाळी सुटी साधारण 35 दिवसांची. तपासणी तासाभरात होते, बाकीचे दिवस तिच्यातून निघणाऱ्या कामांना लागतात.

डोळ्यांचेच घ्या. लहान मूल डोळ्याला ताण देऊन धूसर अक्षरही स्पष्ट करून घेते, त्यामुळे नंबर चुकतो. म्हणून बाहुली मोठी करणारे औषध घालून तपासतात. अशा औषधांपैकी सायक्लोपेंटोलेटचा परिणाम साधारण दिवसभरात ओसरतो. वय कमी असेल किंवा तिरळेपणा असेल, तर बहुधा अ‍ॅट्रोपीन देतात. ते आधी तीन दिवस घरी घालायचे, मग तपासणी, आणि पुढे दहा-पंधरा दिवस मुलाला जवळचे नीट दिसत नाही. बाहुली पूर्ववत झाल्यावर पुन्हा तपासून नंबर पक्का करायचा, वर चष्मा तयार व्हायचे दिवस. बेरीज करा, महिना भरतो. जूनमध्ये हे सुरू केले तर पहिले पंधरा दिवस मूल वह्या-पुस्तकांपुढे नुसते बसून राहील. अ‍ॅट्रोपीनने घाम कमी येतो, म्हणून मेच्या उन्हात मुलाला बाहेर सोडू नये. थेंब घातल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा एक मिनिट बोटाने दाबून धरावा. तोंड लाल झाले, अंग तापले, तर पुढचा थेंब घालण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

शाळेत डोळे तपासले होते, असे पालक सांगतात. तिथे एकच तक्ता आणि समोर रांग. तिसऱ्या मुलापर्यंत शेवटची ओळ पाठ झालेली असते. डोळा बोटांनी झाकला की फटीतून दिसते, दाबून धरला तर नंतर तोच डोळा धूसर वाचतो. तक्ता सहा मीटरवर हवा, डोळा न दाबता तळहाताच्या खळग्याने झाकायला हवा आणि दुसऱ्या डोळ्यासाठी तक्ता बदलायला हवा. नाहीतर एकाच डोळ्याचा आळशीपणा (त्या डोळ्याची नजर मंद राहणे) निसटतो, आणि तो सात-आठ वर्षांच्या आत पकडलेला बरा.

लसीची अडचण नवी आहे. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या लसीचा) दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत घ्यायचा, फार तर सातव्या वाढदिवसापर्यंत. ‘पहिलीत घालताना देऊ’ हा घरोघरचा हिशेब पूर्वी चालून जात असे. गुजरातमध्ये 2023-24 पासून पहिलीसाठी 1 जूनला सहा वर्षे पूर्ण लागतात. म्हणजे 2 जूनला जन्मलेले मूल पहिलीत बसेपर्यंत सात वर्षांचे झालेले असते! सरकारी वेळापत्रकात त्यानंतर डीपीटी नाही. पुढे जी टीडी मिळते तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प आहेत, डांग्या खोकला नाही. तेव्हा ममता कार्ड, म्हणजे मुलाच्या लसींची नोंद असलेले कार्ड, बालवाटिकेच्या म्हणजे पहिलीआधीच्या वर्षातच उघडून पाहावे. दहाव्या वर्षीची टीडी, म्हणजे पाचवीच्या आसपासची, तर सर्रास राहून जाते. दंड दुखणे, दीड-दोन दिवस ताप हेही सुटीतच झालेले चांगले.

दातांबद्दल एवढेच की सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येणारी दाढ कोणताही दुधाचा दात न पडता येते. ती दुधाचीच समजून किडू दिली जाते. हिमोग्लोबिनसाठी मुलाला उपाशी आणू नये, तपासणीला त्याची गरज नसते आणि मूल चक्कर येऊन पडते. पाच ते अकरा वर्षांत 11.5 ग्रॅमच्या खाली आले तर डॉक्टरांनी दिलेले लोह चहा-दुधाबरोबर देऊ नये आणि महिन्याने पुन्हा मोजावे. तो महिनाही सुटीतच बसतो.

शाळांना विनंती आहे की आरोग्याचा फॉर्म जूनमध्ये मागू नका, वार्षिक निकालाबरोबर पालकांच्या हाती द्या. त्यात दोन रकाने वाढवा: ‘काय निघाले’ आणि ‘पुन्हा कधी दाखवायचे’. सध्याच्या फॉर्मवर बहुतेक ठिकाणी एकच ओळ असते, ‘प्रकृती ठीक’. सीबीएसई शाळांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होते, त्यांनी हा फॉर्म दिवाळीनंतर दिला तरी चालेल.

आपली,
शाळा-आरोग्य तपासणीत काम केलेली एक परिचारिका,
दांडिया बाजार, बडोदे