वेलीची लांबी पाहून कुंडी बदलू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरात वाढवायच्या रोपांविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून जे लिहून येते, ते मी अनेक वर्षे आवडीने वाचत आले आहे. लोंबत्या वेलींची कुंडी केव्हा आणि कशी बदलावी, या प्रश्नाची मात्र तिथे बहुधा एका वाक्यात बोळवण केलेली असते : ‘दरवर्षी रोप मोठ्या कुंडीत हलवावे.’ या वाक्यापायी चांगल्या धडधाकट वेली कुजतात, हे मी अनुभवाने सांगू शकते, कारण तसे करूनच माझी एक वेल मी गमावली. पुढच्या वेळी अशी टीप छापताना त्यात वर्षाऐवजी मुळांचा उल्लेख असावा, एवढ्यासाठी हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

ती वेल मनी प्लांटची होती. कपाटावरून खाली उतरत ती जमिनीला टेकली, तेव्हा एवढ्या लांब वेलीला एवढीशी कुंडी कशी पुरणार, असे वाटून मी ती दुप्पट रुंदीच्या कुंडीत लावली. तीन आठवड्यांत पाने एकेक करून पिवळी पडू लागली, आणि माती वरून कोरडी दिसते म्हणून मी आणखी पाणी घालत राहिले. शेवटी कुंडी उपडी केली, तेव्हा बोटभर कोरड्या थराखाली काळी, ओलीगच्च माती निघाली. तिला डबक्याचा वास येत होता, आणि मूळ चिमटीत धरून ओढले की वरची साल गळून पडे व हातात आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा राही.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. कुंडीच्या तळातून निथळायचे तेवढे पाणी निथळून गेले की मातीत उरलेल्या पाण्यातले थोडे हवेत उडून जाते आणि बाकीचे मुळे शोषून घेतात. जिथे मुळे पोचलेलीच नसतात तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरून राहते, आणि मुळांना श्वसनासाठी लागणारा प्राणवायू न मिळाल्याने ती मरून सडू लागतात. १२ सेंटिमीटर रुंदीच्या कुंडीऐवजी त्याच घडणीची २४ सेंटिमीटरची कुंडी घेतली, तर रुंदी दुप्पट होते पण माती आठपट लागते. १५ सेंटिमीटरची घेतली तरी माती जवळजवळ दुप्पट होते, आणि तेवढी पुष्कळ झाली. म्हणून नवी कुंडी आधीच्या कुंडीपेक्षा २ ते ५ सेंटिमीटरनेच रुंद असावी.

वेलीच्या लांबीने आपण फसतो, ते तिचा स्वभाव विसरल्यामुळे. मनी प्लांट, म्हणजे एपिप्रेम्नम ऑरियम, हा मूळचा प्रशांत महासागरातील मूरेआ बेटावरचा. मोकळ्यावर तो मोठ्या झाडांच्या खोडांवर चढतो, आणि पेरापेराशी फुटलेल्या मुळांनी खोडाला धरून राहतो. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात हीच वेल उजेडाच्या दिशेने जाताना दोन पेरांमधले अंतर वाढवत नेते. ती दिसायला लांबलचक होते, पण तिची पाने विरळ असतात आणि मुळेही बेताचीच असतात. अशा वेलीला हवा असतो तो उजेड, आणि आपण तिला देतो माती.

तेव्हा पाहायची ती मुळे. लोंबती कुंडी उंचावर असल्यामुळे तिचा तळ महिनोन्महिने कुणी पाहत नाही. ती खाली उतरवून, शोभेच्या बाहेरच्या कुंडीत असेल तर त्यातून काढून, तळाची भोके पाहावीत. एखादे मूळ डोकावत असेल तर घाई करण्याचे कारण नाही. परंतु भोकांतून मुळांचे झुपके बाहेर आलेले असतील, घातलेले पाणी मातीत न मुरता सरळ खाली उतरत असेल, आणि पूर्वी आठवडाभर टवटवीत राहणारी वेल आता दोन दिवसांत मान टाकत असेल, तर मुळांचा गोळा अलगद बाहेर सरकवून पाहावा. गोळ्याने कुंडीचा आकार घेतलेला असेल आणि मातीपेक्षा मुळेच अधिक दिसत असतील, तर वेळ आली आहे. माती भुसभुशीत होऊन सुटत असेल, तर वेल होती तिथेच परत ठेवावी. मनी प्लांट किंवा वेलवर्गीय फिलोडेंड्रॉन यांना एक-दोन वर्षांनी ही गरज पडू शकते. होया ही मेणासारख्या फुलांची वेल मात्र घट्ट कुंडीत कित्येक वर्षे सुखाने राहते. (तिच्या जुन्या फुलांचे देठ छाटू नयेत, कारण पुढचा बहर त्याच देठांवर येतो.)

ऋतू निवडायचा तो नव्या पानांची फूट सुरू होते तेव्हाचा, कारण त्या काळात तुटलेली मुळे लवकर भरून निघतात; थंडीत वाढ थांबलेली असताना वेलीला हात लावू नये. नुकत्याच आणलेल्या रोपाला दोनएक आठवडे नव्या जागेची सवय होऊ द्यावी. मुळे सडू लागली असतील तर मात्र ऋतूची वाट पाहत बसू नये.

प्रत्यक्ष कामात सर्वांत जास्त नुकसान होते ते वेली हाताळताना. आदल्या दिवशी पाणी द्यावे, म्हणजे मुळे लवचिक राहतात. जमिनीवर जुनी चादर अंथरून वेली एकाच दिशेने सैलसर गुंडाळून घ्याव्यात आणि मऊ कापडात हलकेच बांधाव्यात. गुंता सोडवत बसले की पेराशी असलेले कोवळे फुटवे मोडतात. वेल धरून रोप कधीही उपसू नये. देठ बोटांच्या बेचक्यात घेऊन तळहात मातीवर टेकवावा, कुंडी उलटी करावी आणि तिचा काठ हळूच आपटावा. मुळे भोकांत अडकली असतील तर प्लास्टिकची कुंडी खुशाल कापावी, मुळे कापू नयेत. तळाशी गोल गोल फिरलेली मुळे बोटांनी थोडी मोकळी करावीत, मऊ पडलेली तपकिरी मुळे स्वच्छ कात्रीने काढावीत, आणि रोप पूर्वी जेवढ्या खोलीवर होते तेवढ्याच खोलीवर लावावे. माती हलकी हवी : कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) आणि थोडे कुजलेले खत यांचे मिश्रण चांगले चालते. मनी प्लांटच्या चिकाने हाताला खाज सुटू शकते, आणि पाने चघळल्यास तोंडाची आग होते, म्हणून छाटलेले तुकडे मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या वाटेत पडू देऊ नयेत.

तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची रीत इतकी रुजलेली आहे, की तिच्याविरुद्ध लिहिताना थोडा संकोच वाटतो. परंतु बारीक कणांच्या मातीतले पाणी ती पुरती भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. खडीमुळे तळाचा ओला थर नाहीसा होत नाही, तो वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. मोकळी भोके आणि हलकी माती एवढेच पुरेसे आहे.

नंतर आठ-दहा दिवस वेल मलूल दिसली तर घाबरू नये. पाणी शोषणारे मुळांवरचे बारीक केस या उलथापालथीत तुटलेले असतात आणि ते पुन्हा येईपर्यंत पानांना पाणी कमी पडते. अशा वेळी मायेपोटी पाणी वाढवले की माझ्या वेलीसारखी गत होते. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे, बशीत साचलेले ओतून टाकावे, आणि मग वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकेपर्यंत थांबावे. या काळात थेट उन्हात ठेवू नये, आणि महिनाभर खतही देऊ नये.

माझ्या त्या कुजलेल्या वेलीच्या शेंड्याकडचे, प्रत्येकी दोन पेरांचे चार तुकडे मी पाण्यात ठेवले होते. मुळे फुटल्यावर ते एकत्रच १२ सेंटिमीटरच्या कुंडीत लावले. आता त्यांच्या वेली पुन्हा कपाटाच्या अर्ध्यावर उतरल्या आहेत. गेल्या आठवड्यात कुंडी खाली काढून पाहिली. मुळे अजून काठाशी पोचायची आहेत, म्हणून ती होती तिथेच परत ठेवली.

आपली विश्वासू,
एक वाचक