तीन वाजताची साखर

सांगली, रविवार रात्र

प्रिय ओंकार,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर जेवता जेवता म्हणालास, ‘प्रबंधातल्या अकरा पेशंटची काही बीपी रीडिंग राहिलीयेत गं, आजूबाजूची बघून भरून टाकतो, सगळेच भरतात.’ मी नुसतं हं म्हटलं. बाबांनी बातम्या मोठ्यानं लावल्या होत्या, आणि खरं तर मला लगेच काही सुचलंही नाही. पण ते ‘भरून टाकतो’ दोन दिवस डोक्यातून जाईना. फोनवर बोलायला गेले तर ‘आई, राऊंड आहे’ म्हणून ठेवशील, म्हणून लिहितेय.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बाबांनाही नाही. 2006 सालची, तू तेव्हा चौथीत होतास. कुठल्या दवाखान्यातली ते लिहीत नाही. आयसीयूत आम्ही दोघी सिस्टर आणि नऊ बेड. तेव्हा साखरेची लाट आली होती. 2001 मध्ये बेल्जियमच्या एका अभ्यासात दिसलं होतं, की ऑपरेशननंतर आयसीयूत आलेल्या पेशंटची साखर इन्सुलिननं 80 ते 110 मध्ये बांधून ठेवली तर मृत्यू कमी होतात. मग काय, जिकडेतिकडे तेच. आम्ही रात्रभर दर तासाला बोटं टोचायचो.

त्या रात्री तीनच्या सुमारास दोन नंबरच्या बेडची श्वासाची ट्यूब निघाली. सगळे तिकडे धावलो. पावणेचारला परत आले तर सहा नंबरचा तीनचा रकाना रिकामा. दोनला 112 होती. मी तीनला 108 लिहिली. मुद्दाम 112 नाही लिहिली, 108 लिहिली. तेवढं कसब अंगात आलं होतं. चारला टोचलं तर 34, जीव जाईल इतकी कमी. पेशंट व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधाखाली, तो कसा सांगणार घाम फुटलाय म्हणून? इन्सुलिनचा पंप बंद केला, शिरेतून डेक्स्ट्रोज म्हणजे साखर दिली, निभावलं. सकाळी सरांनी चार्ट पाहिला आणि म्हणाले, ‘तासाभरात एवढी पडली? याला इन्सुलिन फारच लागू पडतंय.’ आणि त्यावरून पुढचा डोस ठरवला. माझ्या 108 वरून. मी तोंड उघडलं नाही. तो माणूस तासगावकडचा, नवव्या दिवशी घरी गेला. बायकोनं द्राक्षांची पेटी आणून दिली होती. मी माझा वाटा घरी आणला, तू खाल्लास.

2009 मध्ये ‘नाइस-शुगर’ या याच प्रश्नावरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिकेतली 42 हॉस्पिटलं, 6104 पेशंट. साखर घट्ट बांधलेल्यांत 90 दिवसांत 27.5 टक्के गेले, आणि 180 पर्यंत चालवून घेतलेल्यांत 24.9 टक्के. साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण पहिल्यांत 6.8 टक्के, दुसऱ्यांत अर्धा टक्का. सरांनी आम्हाला ते वाचून दाखवलं तेव्हा सगळे चुकचुकले. मला आठवला तीनचा रकाना. त्या 42 ठिकाणच्या सिस्टरांनी पहाटे माझ्यासारखं 108 लिहिलं असतं, तर हा अर्धा आणि पावणेसातचा फरक दिसलाच नसता, आणि आम्ही अजून बोटं टोचत बसलो असतो.

आता तुझ्या प्रबंधाचं. सिझेरियनला स्पायनल, म्हणजे पाठीतून भूल, दिल्यावर बीपी पडतं, ते वर आणायला फेनिलेफ्रिन जास्त चांगलं की नॉरअ‍ॅड्रिनलिन, एवढंच बघतोयस ना? मग ती रीडिंग कधी राहिली ते आठव. बाई थंडीनं थडथडत असते तेव्हा दंडावरचा बीपीचा पट्टा आकडा देत नाही. बीपी फारच खाली असलं तरी मशीन नुसतं फुगत राहतं. किंवा ती ‘डॉक्टर, कसंतरी होतंय’ म्हणते आणि तुझे हात सिरिंजवर असतात, कागदावर नसतात. म्हणजे नेमकं जे मोजायला तू बसलायस, त्याच मिनिटाला रकाना रिकामा राहतो. तिथं मागचंपुढचं बघून 110 टाकलंस की सगळ्यात वाईट मिनिटच पुसलं जातं. दोन्ही औषधं कागदावर छान दिसतील.

2019 च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर आठव. आयर्विन पुलावर 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, आणि पाणी 57 च्या वर गेलं. तासातासाला आपण आकडा विचारत होतो आणि त्यावर फ्रीज माळ्यावर चढवायचा की घर सोडायचं ते ठरवत होतो. पूल दिसेना म्हणून कुणी मागच्या तासावरून अंदाजानं फूट लिहिलं असतं तर तूच त्याला शिव्या घातल्या असत्यास.

आणि असे आकडे भरणारे पकडले जात नाहीत असंही नाही हं. तुमच्याच भूलशास्त्रातला तो जपानचा फुजी, तूच सांगितलं होतंस. इंग्लंडच्या एका भूलतज्ज्ञानं, कार्लाइलनं, 2012 मध्ये त्याचे 168 अभ्यास गणितानं तपासले, आणि दोन्ही गटांतले पेशंट न पटण्याइतके सारखे निघाले. मग जपानच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं चौकशी केली: 212 पैकी 172 लेखांतली माहिती बनावट. बरीचशी ऑपरेशननंतरच्या उलट्यांवरच्या औषधांची. पण पकडले जाण्याच्या भीतीनं मी लिहीत नाहीये. मला कुणी पकडलं नव्हतं.

नाशिकला विद्यापीठात प्रबंध पाठवायची तारीख जवळ आलीय, गाईड घाई करतात, सगळं कळतं मला. तरी ते रकाने रिकामेच ठेव. खाली एक ओळ लिही: इतकी रीडिंग घेता आली नाहीत, या या कारणानं, या गटात इतकी, त्या गटात इतकी. गाईड रागावले तर रागावू देत. त्या बायकांनी सही करताना तुझा संमतीचा फॉर्म किती वाचला असेल देव जाणे, तुझं तोंड बघून केली असेल.

भडंग आणि हळद कुलकर्णीकाकूंच्या मुलाबरोबर पाठवतेय, बुधवारी घे त्याच्याकडून. भडंगात लसूण जास्त झालाय या वेळी.

अकरापैकी कितीजणी थडथडत होत्या आणि कितीजणींचं बीपी पडलेलं होतं, हे जुन्या नोट्समधून बघ. आणि एकाच औषधाच्या जास्त निघाल्या तर मला कळव.

तुझी,
आई