वाण नाही, आधी खाद्य पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या झाडीपट्टीत कोंबडीची पिल्लं लंगडायला लागली की पहिला शब्द निघतो, 'वाणच बिघडला.' गेल्या उन्हाळ्यात मीही तोच काढला. पाचशेच्या बॅचमधली चाळीसेक पिल्लं दोन आठवड्यांत पायाची बोटं आत वळवून गुडघ्यांवर सरकायला लागली. उबवणी केंद्राला फोन लावून मी चांगलंच सुनावलं. डॉक्टरांनी मात्र पिल्लाची बोटं पाहिली आणि विचारलं, 'प्रिमिक्स कुठं ठेवता?' प्रिमिक्स म्हणजे खाद्यात मिसळायची जीवनसत्त्वांची पूड. तिचं पोतं पत्र्याच्या शेडात, तोंड उघडं, एप्रिलपासून पडलेलं. पाण्यातून ब-२ जीवनसत्त्व दिल्यावर बरीच पिल्लं आठवडाभरात उभी राहिली. ज्यांच्या नसा आधीच गेल्या होत्या, ती गेली. वाणाचा दोष असता तर एकही उठलं नसतं.

तरी 'रक्तात बिघाड' म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. काही जीवनसत्त्वं कमी पडली की घाव थेट पेशीतल्या डीएनएपर्यंत, म्हणजे आनुवंशिक गुणांच्या आराखड्यापर्यंत जातो. फॉलिक ॲसिड आणि ब-१२ नसेल तर डीएनएची एक वीट, थायमिन, पुरेशी तयार होत नाही. मग गवंडी तिच्या जागी युरॅसिल नावाची कच्ची वीट बसवतो. दुरुस्तीवाला येऊन ती उपटतो, पण त्याच्याकडेही कच्चीच. ही उपटाउपट चालू राहिली की भिंतच तुटते. ई जीवनसत्त्वाचं काम वेगळं. उन्हाच्या ताणात शरीरात जी जाळपोळ वाढते, तिची झळ ते अडवतं. आमचा पारा ४५ च्या वर जातो आणि नेमकं तेव्हाच पोत्यातलं हे जीवनसत्त्व उष्णतेनं मरतं. त्यात परतीच्या पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका खाऊ घातला, तर अफ्लाटॉक्सिनचं विषही डीएनएलाच जाऊन चिकटतं.

पण यानं वाण बदलत नाही. नुकसान त्या पक्ष्याच्या पेशींचं. उबवणीवाल्यांना मात्र मी पूर्ण मोकळं सोडत नाही. अंड्यात जीवनसत्त्वं उतरतात ती मादीनं खाल्लेल्या दाण्यातून. तिचंच खाद्य कमकुवत असेल तर गर्भ एकवीस दिवसांच्या आतच मरतात, निघालेलं पिल्लू अशक्त असतं.

आमच्याकडे आणखी एक सवय आहे. मका महागला की सगळी भिस्त तांदळाच्या कणीवर. पिवळ्या मक्यात 'अ' जीवनसत्त्वाचा कच्चा माल असतो, कणीत तो नाहीच. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरनं कोंडा काढून पॉलिश केलेल्या, पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या. कोंड्यासकट तांदूळ दिल्यावर, म्हणजे कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व पोटात गेल्यावर, त्या सुधारल्या. त्याला १९२९ साली नोबेल मिळालं. आणि आम्ही धानाच्या मुलखात राहून कोंडा गिरणीवरच सोडून येतो!

माझं मागणं छोटं आहे. तालुक्याच्या दुकानात मोठं पोतं फोडून प्रिमिक्स सुट्या पिशव्यांत विकतात. मी आणलेल्या पिशवीवर ना तारीख होती, ना घटक. तारखेशिवाय अशी विक्री होऊ नये आणि खाद्याचा नमुना तपासायला देण्याची सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच व्हावी. तोवर मी पोतं घरात, धानाच्या कणगीच्या आडोशाला ठेवतो. बायको वासाला कुरकुरते.

आपला,
एक कुक्कुटपालक
ता. लाखांदूर, जि. भंडारा