झाडू पाळीने, पण प्रवेश कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या मिशनच्या इंग्रजी शाळेविरुद्ध काही पालकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन दिल्याची बातमी आपल्या जिल्हा पानावर वाचली. (आमच्याकडे पत्र्याच्या शेडमधल्या इंग्रजी शाळेलाही कॉन्व्हेंटच म्हणतात, ही मात्र खरोखर सिस्टर लोकांची आहे.) तक्रार अशी की पाचवीपासूनची मुले पाळीपाळीने वर्ग झाडतात, पाण्याच्या टाकीजवळची जागा धुतात आणि वर्गनायकाला डबा सगळ्यांच्या शेवटी उघडावा लागतो. "फी भरतो ते पोट्ट्याले झाडू माराले काय?" हे वाक्य बातमीत नव्हते, पण एसटी स्टँडच्या टपरीवर सध्या तेच ऐकू येते. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त मुख्याध्यापक. माझी नात त्या शाळेत सातवीत आहे. म्हणून हे पत्र.

शाळा शिकवते चांगली, याबद्दल निवेदन देणाऱ्यांचीही तक्रार नाही. २०२५ च्या दहावीला नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांवर, म्हणजे राज्यात तळाला होता. आमचा अमरावती विभागही ९३ च्या आतच राहिला, आणि कोकण ९८ च्या पुढे. तेव्हा निकालाची भूक आम्हाला असणारच. पण या शाळेत मला आवडली ती फलकावरची टक्केवारी नव्हे. तिथे वह्या तपासून परत येतात आणि चूक कुठे झाली ते समासात लिहिलेले असते. प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप नसते. तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणारी दोन-चार मुले आहेत, त्यांना शाळा सुटल्यावर नववीची मुले इंग्रजी वाचून दाखवतात आणि गणित समजावतात. यात नववीच्या मुलांचाही फायदाच आहे. भागाकार करणारी मुले मी नोकरीत पुष्कळ पाहिली, तो असाच का करायचा हे सांगू शकणारी फार थोडी.

आता झाडूचे. ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या नावाची पदवी हवी, त्यांचा खराटा मात्र आपल्या मुलाच्या हाती नको, असे कसे चालेल? तुकडोजी महाराजांच्या मोझरीत काय किंवा सेवाग्रामच्या गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत काय, सफाई हा शिक्षणाचाच भाग होता. सिस्टरांना हे ख्रिस्ताकडून मिळाले असेल. योहानाच्या शुभवर्तमानात येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्यांतला पेत्र आधी साफ नाही म्हणतो. गुरूने गड्याचे काम करावे हे त्याला सोसवत नाही. आमच्या पालकांचे दुखणे साधारण पेत्राचेच आहे.

तरी पालकांच्या बाजूची एक गोष्ट मी टाळणार नाही. आपल्याकडे झाडूला जात चिकटलेली आहे. 'जा रे, वर्ग झाडून घे' म्हणताना कोणत्या मुलाचे नाव पुकारले जाते, हे खात्यात नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. म्हणून मी नातीकडून पाळीचा तक्ता मागवून पाहिला. नावे हजेरी क्रमांकाने आहेत, त्यात एका ठेकेदाराचा मुलगा आहे, एका डॉक्टरची मुलगी आहे, आणि गुरुवारच्या रकान्यात मुख्याध्यापिका सिस्टर स्वतः आहेत. संडास मुलांकडे नाहीत, त्याला पगारी माणूस आहे, आणि ते तसेच हवे. हा क्रम ज्या दिवशी मोडेल, त्या दिवशीच्या निवेदनावर मीही सही करीन.

पण झाडूवर एवढी वादावादी झाली आणि शाळेच्या फाटकाबद्दल कोणी बोलले नाही, याचे मला नवल वाटते. शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा गरीब व वंचित मुलांसाठी ठेवायला लावल्या. या शाळेसारख्या अल्पसंख्याकांच्या शाळांना यातून सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांच्या विनाअनुदानित शाळा वगळल्या आणि २०१४ मध्ये घटनापीठाने त्यांच्या अनुदानित शाळाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०१४ च्या निकालाबद्दल शंका घेऊन विषय मोठ्या पीठाकडे जावा असे सुचवले. त्याचे पुढे काय व्हायचे ते होवो. कायद्याने सक्ती नाही म्हणजे मनाईही नाही. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपली शाळा आपण चालवायचा हक्क दिला, तो फाटक मोठे करायलाही वापरता येतो.

वर्षभर त्या फाटकात मी पाहतो ती मुले जिनिंगवाल्यांची, अधिकाऱ्यांची, शिक्षकांची, आणि हो, माझ्यासारख्या पेन्शनरांची नातवंडे. तांड्यावरची ती दोन-चार मुलेही फी भरूनच येतात. कापूस वेचणाऱ्या बाईचे लेकरू मला दिसले नाही, कोलाम आदिवासींच्या पोडावरचे (वस्तीवरचे) तर नाहीच. विदर्भातल्या मिशनची जुनी रीत अशी नव्हती. १८४५ मध्ये नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा काढली, दगडांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास केला आणि त्याच माणसाने गोंडांच्या कथा-गाणी टिपून ठेवली. पुढे कॉलेजला त्यांचे नाव मिळाले. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना उमरीचा मिशन दवाखाना ठाऊक आहे, तिथे कोणी जात विचारत नसे. हुशारी आणि सेवा यांची वेगळी खाती तेव्हा नव्हती.

म्हणून शाळेला माझ्या दोन सूचना. पहिलीच्या प्रत्येक तुकडीत काही जागा आपणहून पोडावरच्या आणि शेतमजुरांच्या मुलांसाठी ठेवाव्यात. बस, गणवेश आणि पुस्तकांचा खर्च आम्हा फी भरणाऱ्यांच्या फीमधून थोडा-थोडा वसूल केला तरी हरकत नाही. फी माफ करून बसभाडे मागितले तर पोडावरचे लेकरू दिवाळीपर्यंतही टिकणार नाही. दुसरे, शनिवारी दुपारी प्रयोगशाळा जवळच्या जिल्हा परिषद शाळांच्या सातवी-आठवीला उघडावी आणि तिथे समजावून सांगायला यांचीच नववीची मुले असावीत. आमच्या शाळांत प्रयोगाचे साहित्य येते, ते हाताळू देणारा शिक्षक तीन वर्ग एकटा सांभाळत असतो.

निवेदनावर गटशिक्षणाधिकारी शाळेकडून खुलासा मागतील, पालकसभा बोलावली जाईल. त्या सभेत झाडूवर अर्धा तास घालवावा आणि उरलेला वेळ या दोन गोष्टींना द्यावा. पहिलीचे प्रवेशअर्ज जानेवारीत निघतात, तेव्हा सभा त्याआधी व्हायला हवी.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
केळापूर तालुका, जि. यवतमाळ
(नात शाळेत शिकत असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)